आतोबांचं वाळवंट

सायकलवरून जाता येणार नाही अशी एकही जागा देवानं या पृथ्वीवर केलेली नाही, या गोष्टीवर आमच्या आतोबांची जेवढी श्रद्धा होती तेवढी स्वर्गावर तरी होती की नाही, कोण जाणे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. केडगावला मिशनच्या आवारात ते सुतारकाम करत. शाळेचे फळे, चर्चमधले बाक, पाळण्यापासून शवपेटीपर्यंत माणसाला जन्मभर जे जे लाकूड लागतं ते सगळं त्यांच्या रंध्याखालून गेलेलं. पण हा झाला पोटाचा धंदा. त्यांचा खरा धंदा सायकल. शनिवारी दुपारी रंधा खाली ठेवला की त्यांचा पाय पेडलवर पडायचा, आणि रविवारच्या उपासनेपुरता काय तो खाली यायचा. खाकी अर्धी चड्डी, वर स्वतःच्या लग्नातला काळा कोट आणि डोक्यावर मायदेशी परतलेल्या कुणा साहेबानं मागे टाकलेली सोला हॅट. कोटाच्या खिशात सुईदोरा, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या, सुंभाची दोरी आणि एक शिट्टी. दौंडच्या बाजारातून मिरच्या आणायच्या असल्या तरी हा सरंजाम अंगावर हवाच. बाजाराला चाललो असं ते कधी म्हणत नसत, सफरीवर निघालो म्हणत. मग आत्या दारातून ओरडायची, "सफरीवरनं येताना आर्धा शेर मिरच्या आना, आन् हिरव्या आना. मागच्या सफरीत पिकल्याल्या आनल्या हुत्या."

अंतर ते मैलात मोजत नसत. मैल सरकारनं मोजलेले असतात, त्यांच्यावर भरवसा काय ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. ते भाकरीत मोजत. खुटबाव चतकोर भाकरीवर, दौंड एका भाकरीवर, घोडनदी दोन भाकरींवर आणि वारा समोरून असला तर अडीच. शिरूरला आमच्याकडे घोडनदीच म्हणतात. मी तिथं शाळेत मास्तर होतो, आणि अडीच भाकरी खाऊन आतोबा कधी दारात उभे राहतील याचा नेम नसे. सायकलीचे ब्रेक त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकले होते. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "थांबायचंच आसंल तर मानसानं निघावं कशाला?" उतार आला की मात्र ते खाली उतरून सायकल हातानं चालवत न्यायचे, आणि चढ आला की पुन्हा टांग मारायचे. लोक हसत. ब्रेक नसलेल्या माणसाला दुसरा इलाज नाही हे आम्हाला दिसत होतं. पण आतोबांनी त्याचंही तत्त्वज्ञान करून ठेवलेलं. "उतारावरनं काय, धोंडा बी जातो. त्यात मर्दुमकी कसली?" असं ते घाम पुसत सांगत.

आणि थापा! लबाड माणूस आणि थापाड्या यांत मोठा फरक आहे. लबाड दुसऱ्याच्या खिशात हात घालतो, थापाड्या आपल्या खिशातलं वाटत सुटतो. आतोबांनी जन्मभर वाटलं. भीमेच्या पुरात त्यांनी सायकल पोहवली होती. दौंडच्या मेलगाडीला त्यांनी पाटसपर्यंत मागे टाकलं होतं, आणि ड्रायव्हरनं खिडकीतून टोपी काढून सलाम केला होता. न्हावऱ्याच्या माळावर त्यांना वाघ आडवा आला, त्यांनी घंटी वाजवली, आणि वाघ बाजूला झाला. "डाव्या अंगाला झाला, कायद्यानं," हे ते आवर्जून सांगत. न्हावऱ्याच्या माळावर ससासुद्धा कष्टानं दिसतो. पाळकसाहेबांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन खोटी साक्ष न देण्याबद्दलच्या आज्ञेची आठवण करून दिली. आतोबा अदबीनं म्हणाले, "पाळकसाहेब, ती आज्ञा शेजाऱ्याबद्दल हाय. मी शेजाऱ्याबद्दल चकार शब्द काढत न्हाई. मी वाघाबद्दल बोलतोय." पाळकसाहेबांनी त्या दिवसापासून हा विषय देवावर सोपवला.

सगळं केडगाव त्यांच्या थापा ऐकायला टपलेलं असायचं. स्टेशनसमोरच्या हॉटेलात त्यांना चहाचे पैसे कुणी द्यायला लावत नसे. खुटबावचे एक गुऱ्हाळवाले आबा तर बाजारच्या दिवशी खास थांबायचे. ऐकत नसे ती एकटी आत्या. आतोबांनी घसा खाकरला, की तिला चुलीतली राख काढायची आठवण व्हायची. वाघ निम्म्या माळावर असताना ती उठून कोंबड्या झाकायला गेलेली मी स्वतः पाहिली आहे. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली होती, आणि नवऱ्याची एकही गोष्ट तिनं शेवटपर्यंत ऐकली नव्हती. आतोबा त्यावर काही बोलत नसत. फक्त आवाज थोडा वाढवत, म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जावा.

साठ-एकसष्टची गोष्ट असेल. एका रविवारी पाळकसाहेबांनी गुलामीतून सुटलेले लोक वाळवंटात चाळीस वर्षं कसे भटकले यावर उपदेश केला. तो इतका लांबला की त्यातली दोन वर्षं तरी आम्हीही त्या बाकांवर काढली असावीत. बाहेर पडल्यावर चिंचेखाली चार माणसं जमलेली पाहून आतोबा म्हणाले, "सायकली आसत्या तर दीड म्हैन्याचं काम हुतं. उगा चाळीस वर्सं घालवली." पाळकसाहेब मागेच उभे होते. शांत माणूस. ते म्हणाले, "मग तुम्ही एकदा वाळवंटात जाऊनच या. आम्ही मंडळीत प्रार्थना करू." मंडळी हसली. आतोबांनी हॅट डोक्यावर चढवली आणि सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, येत्या उन्हाळ्यात मारवाडचं वाळवंट सायकलवरून पार करणार. थंडीत जा, असं कुणीतरी सुचवलं. "थंडीतलं वाळवंट म्हंजी सासुरवाडी," आतोबा म्हणाले. "तितं कुनी बी जाईल."

आता वाळवंटाची तालीम करायची तर वाळू पाहिजे. केडगावात कॅनॉल, ऊस आणि चिखल. म्हणून आतोबांनी भीमेकाठचं वडगाव रासाई गाठलं. होळीनंतर तिथं नदी आटते आणि पात्रातल्या वाळूत लोक टरबुजांच्या वाड्या लावतात. भर दुपारी बारा वाजता, सगळं गाव सावलीला असताना, कोट आणि हॅट घातलेला माणूस वाळूत सायकल घालायचा, दहा हातांवर आडवा व्हायचा, उठायचा आणि परत घालायचा. वाडीवाल्या आप्पांनी दोन दिवस हे गुमान पाहिलं. तिसऱ्या दिवशी आतोबा थेट वेलात घुसले आणि चाकाला तीन हात वेल गुंडाळून बाहेर आले. आप्पा उठले. "पावनं, तुमच्या त्या वाळवंटात टरबुजं आसत्यात का?" आतोबा म्हणाले, "नसावीत." "मग तितंच जावा की," आप्पांनी हात जोडले. पण जाताना त्यांनीच एक टरबूज फोडून दिलं, आणि आतोबांनी ते खाता खाता त्यांना वाघाची गोष्ट सांगितली.

निघायच्या दिवशी मी त्यांना दौंडपर्यंत पोचवायला गेलो. मारवाडापर्यंत सायकल मारत जायचं की काय या काळजीत मी होतो, पण आतोबा म्हणाले, "वाळवंटापत्तुर रेल्वेनं. ताकद राखून ठिवाया पायजे." सायकल सामानाच्या, ब्रेकच्या डब्यात चढली. हमालानं ती आडवी टाकली म्हणून आतोबांनी त्याच्याशी रीतसर भांडण केलं. आत्या स्टेशनवर आली नव्हती. पंधरा भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक जुनं लुगडं एवढं तिनं बांधून दिलं होतं. लुगडं कशाला, ते सांगितलं नव्हतं. मनमाडची गाडी सुटायला वेळ होता. बाकावर बसून आतोबांनी हॅट काढली, आणि मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं तसे ते अगदी साध्या माणसासारखे दिसले. म्हणाले, "मास्तर, त्या वाघाचं ऱ्हाऊ दे. मला ठावं हाय तुमी समदी हसता. पर एक गोष्ट आशी पायजे, की तुजी आत्या खाली बसली पायजे आन् तिनं ती शेवटापत्तुर ऐकली पायजे. त्येवढ्यासाठी चाललोय." गाडी हलली तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली, आणि गार्डानं खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांना शिवी दिली.

महिनाभर काही कळलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी केडगावला होतो, तेव्हा एका बाजारच्या दिवशी बोंब उठली की आतोबा उतरले. स्टेशनपासून घरापर्यंत त्यांच्यामागं अर्धं गाव लागलं, त्यात खुटबावचे आबाही. आतोबा काळे ठिक्कर पडले होते. कोट होता, डोक्याला हॅटखाली आत्याचं लुगडं गुंडाळलेलं होतं, सायकलीच्या साखळीतून वाळू गळत होती. आमच्याकडे बाहेरून आलेल्या माणसाला दारात पाणी देतात. त्यानं पाय धुवायचे, चूळ भरायची, मग आत यायचं. आत्यानं तांब्या भरून पायरीवर ठेवला. आतोबा त्या तांब्याकडे बघत राहिले. मग त्याला हात न लावता पायरीवर बसले. अंगण भरलं होतं, माणसं सरसावून बसली होती, आबांनी तर तंबाखू मळायला घेतली होती.

"हं आतोबा, सांगा," आबा म्हणाले. "किती दिवसांत पार केलं?"

"न्हाई केलं," आतोबा म्हणाले. "रस्ता हुता तवर चालवली. मग वाळू लागली. चाक रुतलं. मग ढकलली. मग साखळी आडकली, तवा खांद्यावर घेतली."

"म्हंजी सायकल तुमच्यावर बसली!" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. आतोबाही हसतील म्हणून आम्ही थांबलो. ते हसले नाहीत.

"दुपारच्याला एक झोपडं लागलं. म्हातारी हुती. तिनं लोटा भरून पानी दिलं. मी आपला सवयीनं चूळ भरली, थुकलो, आन् ऱ्हायलेलं पायावर वतलं." त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. "म्हातारी माज्या पायाकडं बघत हुती. वाळूनं पानी पिऊन बी टाकलं. मग ती आत गेली. मडकं वाकडं केल्याचा आवाज आला मला. तळाचं आर्धा लोटा पानी घिऊन आली, आन् मला प्याया दिलं."

"काय म्हनली?"

"काय न्हाई. म्हनायला भाषा कुठं कळतीया. तिचा ल्योक सांजच्याला शेरडं घिऊन आला, त्याला तोडकी मोडकी हिंदी येत हुती. म्हनला, हिर दोन कोसांवर हाय, आई पहाटं जाती, दिसाला एकच खेप. मी म्हनलं उद्या मी आनतो सायकलवरनं. दोन घागरी बांदल्या, ढकलत आनल्या. वाळूत सायकल पडली, निम्मं सांडलं. दुसऱ्या दिशी म्हातारीनं मला नेलंच न्हाई."

"आन् मग?"

"मग काय. आलो."

लुटारू नाहीत, वादळ नाही, उंटानं सलाम केला नाही. आत्या इतका वेळ चौकटीला धरून उभी होती. ती खाली वाकली, पायरीवरचा तांब्या उचलला आणि आत गेली. आतोबांनी तिच्या पाठीकडं पाहिलं. मीही पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. माणूस तेवढ्यासाठी तेवढ्या उन्हातून जाऊन आला होता, आणि ती उभ्यानंच ऐकून निघून गेली.

गावाचा निकाल मात्र दुसऱ्या दिवशी हॉटेलात लागला. आबा म्हणाले, "ह्यो मनमाडच्या पुढं गेलाच न्हाई. गेला आसता तर आसा आला आसता का? निदान चार उंट तरी लोळवलं आसतं." सगळ्यांना ते पटलं. ज्या माणसानं न्हावऱ्याच्या माळावर वाघ आणला तो वाळवंटातून रिकाम्या हातानं येतो, याचा अर्थ सरळ होता. जन्मभर मारलेल्या थापा गावानं आनंदानं गिळल्या आणि एकुलतं एक खरं बोलणं घशात अडकलं. हॉटेलवाल्यानं त्यांच्याकडून चहाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. आतोबांनी ते मुकाट्यानं दिले आणि गोष्टी सांगणं बंद केलं. शनिवारी सफर निघायची, पण सफरीवरून मिरच्यांखेरीज काही यायचं नाही.

एक नवी खोड तेवढी जडली. कुणाच्याही दारात ते पाय धुवेनात. धोतराच्या फडक्यानं पाय कोरडे पुसायचे आणि आत जायचे. समोर कॅनॉल तुडुंब वाहत असायचा, म्हशी त्यात डुंबत असायच्या, आणि आतोबा फडक्यानं तळवे पुसत उभे. खुटबावच्या आबांच्या लेकीच्या लग्नात आबांनी स्वतः तांब्या पुढं केला, तर हे म्हणाले, "नगं, ठेवा भरून." आबांचा चेहरा उतरला. "आमच्या घरचं पानी चालंना व्हय?" त्यातली गंमत आतोबांना आणि मला लगेच कळली. शिवाशिवीच्या दिवसांत त्याच ओसरीखाली माझ्या आज्याला कुणी तांब्या हातात देत नसे, ओंजळीत वरून पाणी ओतत. आता त्या आज्याचा नातू पाहुण्यांच्या पंक्तीत होता आणि जावई पाणी नाकारत होता. आतोबा म्हणाले, "आबा, तुमचं पानी लई चांगलं हाय. म्हनूनच म्हनलं." आबांना अर्थ लागला नाही. ते रागावले ते रागावलेच.

पासष्टची लढाई होऊन गेल्यावर वडगाव रासाईच्या त्या टरबूजवाल्या आप्पांचा थोरला मुलगा रजेवर आला. फौजेत होता, आणि लढाईत त्याची तुकडी वाळवंटातल्या सरहद्दीवर होती. स्टेशनसमोरच्या हॉटेलात लोकांनी त्याला करमणूक म्हणून आतोबांची गोष्ट ऐकवली. जवळ मीही होतो. आबा रंगवून सांगत होते, पाय धुतल्याचं आलं तशी माणसं हसायला लागली, आणि त्या पोरानं बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

"ह्ये त्यांनी सोता सांगितलं?" त्यानं विचारलं. "तिकडं मानूस बाजंवर बसून आंगूळ करतो. खाली परात ठिवत्यात. परातीत पडल्यालं पानी जनावराला. आमच्यातल्या एकानं बी पयल्या दिशी आसंच पाय धुतलं हुतं. घरातली समदी बघत ऱ्हायली, कुनी बोललं न्हाई. त्यो गडी दोन दिवस जेवला न्हाई." मग आबांकडे वळून म्हणाला, "आबा, थापंत मानूस मोठा हुतो. ल्हान हुत न्हाई. ह्यो मानूस जाऊन आलाय."

संध्याकाळी आबा गुळाची ढेप घेऊन आतोबांच्या दारात हजर. पाठोपाठ बाकीचे. आतोबांचं वाळवंट खरं ठरलं, आणि गावानं हिशोब असा मांडला की वाळवंट खरं तर वाघही खराच असणार. आतोबा घाबरले. "न्हाई वो आबा, वाघाची थाप हुती." आबा डोळे मिचकावून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमी किती गरीब सोभावाचं हाय ते आता कळलंय आमाला." आतोबांनी मेलगाडी नाकारली, पूर नाकारला. ते जेवढं नाकारत तेवढा लोकांचा विश्वास वाढत गेला. शेवटी दमून त्यांनी ढेप ठेवून घेतली.

माणसं गेली. अंगणात आम्ही तिघंच उरलो. आत्या उंबऱ्याजवळ उभी राहून सुपातली ज्वारी पाखडत होती. आतोबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "पटलं म्हनायचं समद्यांना."

"मला त्याच दिशी पटलं हुतं," आत्या म्हणाली.

आतोबांनी चमकून वर पाहिलं. "मग बोलली का न्हाईस? चार-पाच वर्सं झाली!"

"काय बोलायचं? लगीन झाल्यापास्नं तुमी पयल्यांदा गप बसला हुता. म्हनलं, मानसाच्या मनाला कायतरी लागलंय, बसू द्यावं." सूप थांबलं. "पर लई दिवस बसला. घर कसं सुनं पडलं. आता बोला."

"काय बोलू?"

"काय बी बोला. थाप आसली तरी चालंल."

आतोबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी घसा खाकरला. मी सवयीनं चुलीकडे पाहिलं. आत्यानं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले, आणि ती पायरीवर त्यांच्या शेजारी खाली बसली.

आता आत्या नाही, आतोबाही नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी कोणती थाप मारली ते मी साफ विसरलो. ती फार चांगली थाप नसावी, इतक्या दिवसांनी त्यांचा हात जड झाला होता. मध्येच ते अडखळले, पुढचं सुचेना, आणि आता ती उठणार म्हणून त्यांनी घाईनं काहीतरी जोडायला घेतलं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "मग?"